धक्क्यावरची इंग्रजी पाटी

६ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई यांस,

आदरपूर्वक नमस्कार. मुलीच्या बापाने विहिणीकडे काही मागू नये, असे आमच्या वडिलांनी बजावून ठेवले होते. लेकीचे लग्न होऊन इतकी वर्षे झाली, मी ते पाळले. आज मोडतो आहे. मागणे पैशाचे नाही, शब्दाचे आहे. तेव्हा आपणांस ते देणे जड जाणार नाही, अशी आशा आहे.

मी पाट्या रंगवतो, हे आपण जाणताच. नदीच्या धक्क्यावर, तिकिटांच्या खिडकीमागे, पूर्वी वल्ही आणि दोरखंड ठेवण्याची एक खोली होती. लाँच कंपनीने ती मला कामासाठी वापरायला दिलेली आहे. माझे रंग, माझे ब्रश आणि खरे सांगायचे तर माझा सगळा दिवस त्या खोलीत असतो.

परवा धक्क्याचे साहेब स्वतः खोलीवर आले. लाँच धक्क्याला लागते न लागते तोच, दोर बांधण्याच्या आधीच, लोक उड्या मारून उतरतात. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ लाँच आणि धक्का यांच्यामधल्या फटीत गेले. माणूस वाचला, एक बूट नदीने ठेवून घेतला. साहेब म्हणाले, "काका, इंग्रजीत एक पाटी करा. घाई करू नका, अशा अर्थाची. बोटींवरचे, बाहेरचे बरेच लोक येतात. शब्द तुम्हीच बघा." एवढे बोलून ते निघाले, आणि दारातून परत वळून जे सांगायचे होते ते त्यांनी सांगितले. ही पाटी पसंत पडली तर नदीवरच्या सगळ्या धक्क्यांच्या पाट्या माझ्याकडून हाताने रंगवून घेतील. नाही पडली तर छापील पाट्या आणतील. छापील आणल्या म्हणजे रंगाऱ्याला खोलीची गरज उरत नाही. मार्च संपताना किल्ली परत द्यावी लागेल.

आपला मुलगा आणि माझी लेक यांनी मला आपल्याकडे येऊन राहण्याविषयी अनेकदा सुचवले आहे. त्यांचा आग्रह प्रेमाचा आहे. परंतु ज्याला काम आहे तो पाहुणा म्हणून जातो, आणि ज्याला काम नाही तो ओझे म्हणून जातो, असे माझे मत आहे.

आता अडचण ऐका. मी तिकीटवाल्याला विचारले, घाईला इंग्रजीत काय म्हणतात. तो म्हणाला, हरी. औषधांच्या दुकानदाराला विचारले. तो म्हणाला, हेस्ट. लाँचच्या कारकुनाने सांगितले, रश. तिघांनीही आपलाच शब्द खरा असे छातीला हात लावून सांगितले. मी चौथी पास आहे, आणि चौथीत वर्गात पहिला आलो होतो. इंग्रजी मला वाचता येत नाही. मात्र कोणी नमुना लिहून दिला तर इंग्रजी अक्षर माझ्याइतके सरळ उभे करणारा माणूस या नदीवर दुसरा नाही. नमुना देणारा मात्र नेहमी दुसराच असे. शब्द निवडण्याची जबाबदारी माझ्यावर प्रथमच आली आहे.

आपण आयुष्यभर इंग्रजी शिकवलेत. एका घाईला तीन शब्द कशाला, आणि त्यातला माझ्या पाटीवर कोणता शोभेल, हे कृपा करून कळवावे.

आपला नम्र,
व्याही


१२ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

नमस्कार. तुमचं पत्र सूनबाईनं आणून दिलं आणि माझ्यासमोरच उभी राहिली. बाबांचं पत्र आलंय आणि ते मला नाही, तुम्हाला आलंय, असं तिनं तीनदा बोलून दाखवलं. तिला हेवा वडिलांचा वाटावा की सासूचा, हे अजून ठरायचं आहे.

मागितलंत ते फार बरं केलंत. शाळा सुटल्यापासून मला कुणी शब्दाचा अर्थ विचारलेला नाही. घरात मला विचारतात ते एवढंच, की आई, चष्मा कुठं ठेवलाय.

तुमचे तिघंही बरोबर आहेत आणि तिघंही चूक. हरी हा रोजचा शब्द, घरात वापरायच्या चपलेसारखा. माणसाला उशीर झालाय, तो पाय उचलून चालतोय, पण दाराला कुलूप लावलं की नाही हे त्याला आठवतं. हाच शब्द दुसऱ्याच्या अंगावर टाकला की हुकूम होतो. 'हरी अप' म्हणत दाराशी उभे राहणारे नवरे मी पुष्कळ पाहिले. एक तर जवळून पाहिला.

रशमध्ये भान सुटतं. पाण्याचा लोंढा येतो तसा तो शब्द आहे. एकटा माणूसही रश करू शकतो, पण मग तो एकटाच गर्दीसारखा वागतो. आणि गंमत म्हणजे 'नो रश' असं म्हटलं की तोच शब्द एकदम मवाळ होतो. सवडीनं करा, काही बिघडत नाही, असं म्हटल्यासारखं.

हेस्ट हा कोट-टोपी घातलेला शब्द. पुस्तकात भेटतो, म्हणीत भेटतो. त्याच्यात घाईपेक्षा घाईनं झालेली चूक जास्त असते. आपण 'अति घाई संकटात नेई' म्हणतो, त्या वाक्यात तो शोभेल. औषधवाल्यानं हा सांगितला म्हणजे त्याला तुमच्यावर छाप पाडायची होती.

याशिवाय डॅश आहे, म्हणजे थोड्या अंतराची झेप. सर आली आणि दोरीवरचे कपडे काढायला तुम्ही धावलात, ते. स्करी म्हणजे दिवा लावल्यावर झुरळं पळतात तशी बारीक पावलांची पळापळ. हसल म्हणजे दुसऱ्याच्या पाठीला हात लावून त्याला पुढं रेटत नेणं. आणि हेसन, ज्यात आपण पळत नाही, पण एखादी गोष्ट लवकर घडावी म्हणून खटपट करतो.

आता तुमच्या धक्क्यावर यातली कोणती घाई चालते, हे मी इथं बसून कसं सांगणार? वर्गात मी म्हणायची, आधी वाक्य पाहा, मग शब्द भरा. तुम्ही आधी माणसं पाहा. दिवसभर पाहा आणि मला लिहा.

मुलीच्या बापाचा तुमचा नियम मला मान्य नाही. पण त्यावर भांडायला पत्र पुरणार नाही.

तुमची विहीण


२० फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाई यांस,

नमस्कार. आपल्या आज्ञेप्रमाणे माणसे पाहिली. खोलीबाहेर स्टूल टाकून सकाळपासून बसलो. तिकीटवाल्याने दोनदा येऊन, काका बरे आहात ना, अशी चौकशी केली. मला रिकामा बसलेला त्याने कधी पाहिलेला नाही.

रात्रपाळी संपवून एक नर्स पहिल्या लाँचने येते. ती भराभर चालते, पण दोर बांधेपर्यंत थांबते, आणि उतरताना पुढच्या म्हाताऱ्याची पिशवीही धरते. आपल्या म्हणण्याप्रमाणे ही हरी असावी. एक मासळीवाली येते, तिला सगळा धक्का मावशी म्हणतो. ती कधी घाई करत नाही, तरी बाजारात पहिली पोहोचते. हे कसे घडते, याला कोणत्याच भाषेत शब्द नसावा. एक गृहस्थ दर वेळी आपल्या बायकोला कोपराने पुढे सरकवतात आणि स्वतः मागे राहतात. ते हसल, असे मी धरले.

खरी अडचण कचेरीच्या वेळेच्या लाँचवर आहे. दहा-बारा कारकून. त्यातला एक उठला की सगळे उठतात. कोणालाच ठाऊक नसते की तो पहिला का उठला. एकदा तो पहिला नुसता रुमाल काढण्यासाठी उठला होता. तरी बाकीचे उड्या मारून धक्क्यावर आले आणि मग त्याच्याकडे रागाने पाहत उभे राहिले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. इथे नवरा एक आणि बाशिंगे बारा. ही घाई नव्हे. घाईला कारण असते. तेव्हा लाँचच्या कारकुनाचा शब्द बरोबर ठरतो, आणि हे त्याला सांगावे लागणार याचे मला वाईट वाटते.

परंतु एक तक्रार आहे. आपण इंग्रजीचे इतके शब्द दिलेत, त्यात आमच्या लगबगीला शब्द दिला नाहीत. पाहुणे येणार म्हणून घरात जी चालते, तिच्यात आनंद असतो, ती लगबग. धांदल वेगळी, धांदलीत काहीतरी सांडते. तारांबळ आणखी वेगळी, तिच्यात माणूसच सांडतो. तातडी कागदावर असते आणि उतावीळपणा स्वभावात. इंग्रजीचे दुकान मोठे दिसते, पण आमचाही माल काही कमी नाही, एवढेच नमूद करतो.

काल साहेब छापील पाट्यांच्या विक्रेत्याला बरोबर घेऊन आले होते. विक्रेत्याच्या हातात नमुन्यांचे जाड बाड होते. त्याने माझ्या खोलीत डोकावून, इथे तेलाचा वास येतो, असे म्हटले. मी त्याला सांगितले की तो वास कामाचा आहे.

आता पाटीचे वाक्य मोठ्या, स्वच्छ अक्षरांत एका वेगळ्या कागदावर लिहून पाठवावे. मी कानामात्रेचाही फरक न करता ते जसेच्या तसे उतरवीन. हा माझा धंद्यातला शब्द आहे.

आपला,
व्याही


२५ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

नमस्कार. तुमचं पत्र मी सूनबाईला वाचून दाखवलं. बारा बाशिंगांपाशी तिला ठसका लागला. म्हणाली, बाबा घरी असं कधी बोलत नाहीत. मी म्हटलं, घरी त्यांना कुणी विचारत नसेल.

लगबगीचं म्हणणं मान्य. बसल म्हणून एक शब्द आहे, तो जवळ जातो. त्यातही कामाची, उत्साहाची वर्दळ असते. पण त्यात बाजार जास्त आणि घर कमी. पाहुण्यांची वाट पाहणारी बाई त्यात मावत नाही. या एका शब्दावर तुम्ही जिंकलात. तारांबळीचा तुमचा अर्थ मी माझ्या मैत्रिणींना सांगितला आणि तो माझाच असल्यासारखा सांगितला, हेही कबूल करते.

तुमच्या कारकुनांना रशच लागू पडतो. हरी लिहिलंत तर ती बिचारी नर्स वाचून दचकेल आणि कारकून म्हणतील, हे आमच्यासाठी नाही. हेस्ट लिहिलंत तर पाटी उपदेश करते असं वाटेल. माणसाला पाण्यात पडायचं चालतं, पण उपदेश चालत नाही.

सोबत कागद जोडला आहे. त्यावर तुमच्या माहितीसाठी तिन्ही शब्दांची तीन वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत. तुमचं वाक्य मधलं. 'डू नॉट रश.' बाकीची दोन नुसती बघण्यासाठी.

उन्हात बसू नका. टोपी घाला. हे तुमची लेक सांगते आहे, मी फक्त लिहून घेतलं.

तुमची विहीण


५ मार्च

आदरणीय विहीणबाई यांस,

नमस्कार. पाटी पूर्ण झाली आणि आज सकाळी धक्क्यावर लागली. साहेब बाहेरगावी आहेत. ते परतल्यावर पाहतील.

आपणांस या कामाची माहिती नसेल, म्हणून थोडे लिहितो. सागाची फळी घासून तिला दोनदा अस्तर दिले. त्यावर पांढरा रंग. मग खडूची दोरी ताणून रेघा मारल्या. पुष्कळ रंगारी डावीकडून सुरुवात करतात आणि शेवटी जागा पुरत नाही म्हणून अखेरची अक्षरे उपाशी ठेवतात. मी मधून सुरुवात करतो आणि दोन्हीकडे सरकतो. मला वाक्य वाचता येत नसल्यामुळे हे सोपे जाते. ज्याला वाचता येते त्याला सुरुवातीपासून लिहिण्याचा मोह होतो. आपले शेवटचे अक्षर एका पायरीच्या शिडीसारखे आहे, ते सोपे. त्याच्या आधीचे, कमरेत दोनदा वळणारे, अवघड. ते दोनदा पुसून तिसऱ्यांदा मनासारखे आले.

सगळ्यात जास्त वेळ वाक्याच्या अखेरीस आपण काढलेल्या लाल खुणेने घेतला. काळ्या अक्षरांनंतर ती एकच लाल. सुरुवातीला लहान उतार, मग खाली टोक, आणि तिथून उजवीकडे वर जाणारी लांब शेपटी, जी जाता जाता बारीक होत नाहीशी होते. बारीक होत जाणारी रेघ एका दमात ओढावी लागते. मध्ये हात उचलला की गाठ दिसते. खारीच्या केसांचा ब्रश मी अशाच कामासाठी राखून ठेवला होता. ती खूण फक्त मधल्या वाक्याला होती, बाकी दोघांना नव्हती. त्यावरून ती त्याच वाक्याचे अंग आहे हे मी ओळखले. जोरकस आज्ञेच्या शेवटी इंग्रजीत ती देत असावेत. तशी खूण मी आजवर रंगवलेली नव्हती. हुबेहूब उतरली आहे, असे मी अभिमानाने सांगू शकतो.

तिकीटवाला पाटीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि काही बोलला नाही. चांगल्या कामापुढे माणसे गप्प होतात.

आपला,
व्याही


९ मार्च

व्याहीबुवा,

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं. आधी महत्त्वाचं लिहिते. ती लाल खूण वाक्याचा भाग नाही. ती बरोबरची खूण आहे. शिक्षक मुलांच्या वह्या तपासतात तेव्हा उत्तर बरोबर असलं की अशी खूण करतात. मी तीन वाक्यं लिहिली, मधलं योग्य वाटलं, आणि टेबलावरच्या लाल पेनानं हात आपोआप फिरला. इतकी वर्षं वह्या तपासल्यावर हात डोक्याला विचारत नाही. खूण केल्याचं मला आठवतसुद्धा नाही.

साहेब परतायच्या आत जा आणि ती पुसून टाका. चूक पूर्णपणे माझी आहे. साहेबांना तसं सांगा. हवं तर मी त्यांना पत्र लिहीन.

आणि खोटं बोलत नाही, पत्र वाचून मी हसले. इतकी हसले की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. मग तीही हसली. मग तुमची किल्ली आठवली आणि मी लगेच हे पत्र लिहायला बसले.

तुमची विहीण


१५ मार्च

व्याहीबुवा,

तुमचं उत्तर नाही. पत्र पोहोचलं असेल, आणि पोहोचूनही उत्तर नसेल, असं मी धरून चालले आहे. सूनबाई म्हणते, बाबा रागावले की बोलत नाहीत, रंग ढवळत बसतात. म्हणाली, रंग पातळ होईपर्यंत वाट पाहा.

मी हसल्याचं लिहायला नको होतं. हसले ते खुणेला हसले नव्हते. ज्या निगुतीनं तुम्ही ती काढलीत, खारीच्या केसांचा ब्रश राखून ठेवलात, त्यात मला माझीच खूण इतकी मोठी झालेली दिसली. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एका खुणेवर मी श्वासाएवढाही वेळ दिला नाही.

दोन ओळी लिहा. रागाच्या लिहिल्यात तरी चालेल.

विहीण


१९ मार्च

आदरणीय विहीणबाई यांस,

नमस्कार. आपली दोन्ही पत्रे मिळाली. हसल्याबद्दल आपण मनाला लावून घेऊ नये. मीही हसलो असतो, पण पाटी माझी होती.

आमच्या वेळी पाटी-पेन्सिल होती. उत्तर बरोबर आले की मास्तर म्हणत, पुसा. चुकले तरी म्हणत, पुसा. वह्यांपर्यंत मी पोहोचलोच नाही, आणि लेकीच्या वह्या तिची आई पाहत असे. त्यामुळे बरोबरची खूण कशी दिसते हे मला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते. आता जे घडले ते क्रमाने सांगतो.

आपले पहिले पत्र वाचून टर्पेंटाइन आणि फडके घेऊन मी धक्क्यावर गेलो. साहेब माझ्या आधी पोहोचले होते, आणि विक्रेता त्यांच्यासोबत होता. साहेबांनी विचारले, "काका, ही खूण कशाची?" कंपनीच्या पसंतीची, असे म्हणता आले असते, विक्रेत्याला माझी चूकच हवी आहे तेही दिसत होते. मी खरे ते सांगितले. मला इंग्रजी वाचता येत नाही, विहीणबाईंनी वाक्य बरोबर म्हणून केलेली खूण मी अक्षर समजून रंगवली. विक्रेता मोठ्याने हसला. साहेब कमी हसले, पण हसले. मग म्हणाले, "पुसून टाका. बोटीवरचे लोक काय म्हणतील. बाकीचं महिनाअखेर बघू." महिनाअखेर काय बघणार, ते त्यांच्या आवाजातच होते.

मी खूण पुसली. खोलीत येऊन ब्रश धुतले, कागदात गुंडाळले आणि डब्यांची झाकणे ठोकून बसवली. लेकीने सांगितले ते खरे आहे, फक्त ढवळायला रंगही उघडा ठेवला नव्हता. म्हणून पत्र नव्हते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. मासळीवाली मावशी टोपलीसह उभी होती. तिने नमस्कार वगैरे केला नाही. म्हणाली, "रंगारीबुवा, आमचं बरोबर कुणी पुसलं?"

मी म्हटले, कसले बरोबर. तेव्हा तिने मला जे सांगितले ते असे. वरची काळी अक्षरे तिला कळत नाहीत, आणि लाँचवरच्या निम्म्याहून जास्त लोकांना कळत नाहीत. पण ती लाल खूण तिला कळते, कारण तिच्या नातीच्या वहीत ती रोज पाहते. पाटी लागली त्या दिवशी कोणीतरी म्हणाले, दोर बांधेपर्यंत थांबणाऱ्याला कंपनी बरोबर देते आहे. झाले. लोक थांबू लागले. कारकूनही थांबू लागले, आणि एखादा उडी मारून गेलाच तर बाकीचे लाँचमधून ओरडत, तुझे चुकले. मग तो ओशाळून उभा राही. दोन दिवसांत तो खेळच झाला. आणि एका सकाळी लोक येऊन पाहतात तर खूण गायब. मावशी म्हणाली, आम्ही काय चूक केली ते तरी सांगा. काल पुन्हा उड्या सुरू झाल्या.

मी तिला म्हटले, मला सांगून उपयोग नाही, साहेबांना सांग. ती लगेच गेली. तिच्या मागोमाग नर्स गेली, आणि त्या बारा जणांतले तीन-चार कारकूनही गेले. साहेबांच्या खिडकीशी काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. मी खोलीत गुंडाळलेल्या ब्रशांपाशी बसून होतो. तिकीटवाल्याने नंतर सांगितले की साहेबांनी त्याला दरडावून विचारले, हे खरे का, आणि त्याने पाटी लागल्यापासूनचा सगळा वृत्तांत दिला. तो पहिल्या दिवशी गप्प राहिला होता तो चांगल्या कामापुढे नव्हे. त्याला खूण चुकीची वाटली होती, पण मला सांगायची त्याची छाती झाली नाही. मी एवढा कडक आहे, हे मला माहीत नव्हते.

साहेब सबंध दिवस धक्क्यावर उभे राहिले. पाटीवर खूण नसताना लोक कसे उतरतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले. संध्याकाळी खोलीवर आले. गुंडाळलेले ब्रश त्यांनी पाहिले. म्हणाले, "काका, ती खूण परत काढा. आणि नदीवरच्या सगळ्या पाट्यांना काढा. किल्ली राहू द्या तुमच्याकडेच."

विहीणबाई, माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने तिथेच ब्रश सोडले असते. मी साहेबांना म्हटले, अक्षरे माझी आहेत, पण खूण माझी नाही. ती ज्यांची आहे त्यांना विचारल्यावाचून मी ती कोठेही काढणार नाही. साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दुसरी अडचण उभी केली. पण म्हणाले, विचारा.

म्हणून विचारतो. आपली खूण सगळ्या धक्क्यांवर काढण्याची परवानगी असावी.

आपला,
व्याही


२४ मार्च

व्याहीबुवा,

नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग सूनबाईनं एकदा मोठ्यानं वाचलं, आणि मग तुमच्या जावयालाही वाचून दाखवलं. तो कमी बोलतो. तो म्हणाला, बाबांनी साहेबाला थांबवून ठेवलं? आणि बराच वेळ हसत बसला. किल्ली राहिली याचा आनंद या घरात किती झाला, ते लिहून कळायचं नाही. सूनबाई तर रडली. तुम्ही इथं यावं म्हणून तीच मागं लागली होती, आणि तुम्ही येत नाही म्हणून तीच खूश झाली. लेकींचं असंच असतं.

आता परवानगीचं. तुमच्या धक्क्यावर खूण काढा. तिथल्या लोकांनी ती मिळवलेली आहे. मावशीला माझा नमस्कार सांगा आणि सांगा की तिचं बरोबर कुणी पुसणार नाही.

बाकीच्या धक्क्यांचं मात्र जमणार नाही. साहेबांना राग आला तर येऊ दे. मी उभ्या आयुष्यात उत्तर न पाहता बरोबर दिलेलं नाही. ज्या धक्क्यावरची माणसं मी पाहिलीच नाहीत, ती थांबतात की उड्या मारतात हे मला ठाऊक नाही, त्यांना आधीच खूण कशी देऊ? वशिल्यानं पास केल्यासारखं होईल. तुम्ही पाट्या रंगवा, वाक्य लिहा, ते माझं आहेच. खुणेची जागा रिकामी ठेवा. मी स्वतः येईन. तुमच्या धक्क्यावरून लाँच घेऊ, एका धक्क्यावर उतरू, बसू, माणसं पाहू. थांबताना दिसली तर खूण काढा, नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा तपासू.

सूनबाईनं विचारलं, आई, नदीवर एकंदर किती धक्के आहेत माहीत आहे का, तुमचं वर्ष जाईल यात. मी म्हटलं, जाऊ दे. वर्ष काय, इथं चष्मा शोधण्यातच जात होतं.

ती मला तुमच्या धक्क्यापर्यंत सोडायला येणार आहे. दिवस तुम्ही कळवा.

तुमची विहीण


२८ मार्च

आदरणीय विहीणबाई यांस,

नमस्कार. आपले म्हणणे साहेबांना सांगितले. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग, बरोबर आहे बाईंचे, असे म्हणाले.

आमच्या धक्क्यावरची खूण परत काढली. मावशीने शेजारी उभे राहून काढून घेतली, आणि शेपटी आधीपेक्षा लांब झाली आहे असे सांगितले. मी मोजली नाही. असू दे.

बाकीच्या फळ्यांना अस्तर देऊन झाले आहे. तीन पाट्यांवर वाक्य लिहून वाळत ठेवले आहे आणि प्रत्येकीच्या अखेरीस जागा मोकळी सोडली आहे. आपल्यासाठी पाठ टेकायची एक खुर्ची तिकीटवाल्याकडून आणवली. तेलाचे डबे बाहेर पडवीत ठेवले. आता खोलीला वास येत नाही, किंवा मला तो येत नाही. लाँचचा कारकून, ज्याचा शब्द बरोबर ठरला, त्याने आपणांस लाँचमध्ये सावलीची जागा राखून ठेवण्याचे कबूल केले आहे.

दिवस कळवण्याविषयी आपण लिहिलेत. येत्या सोमवारपासून कोणताही दिवस चालेल. अशा पत्राच्या शेवटी 'सवडीने यावे' असे लिहिण्याची रीत आहे, आणि ती मला ठाऊक आहे. ते वाक्य मी इथे दोनदा लिहिले, आणि दोन्ही वेळा खोडले.

आपला,
व्याही